टिटवीचं लंगडणं

टिटवीने डावा पंख जमिनीवर टाकला आणि ती लंगडायला लागली. अंडी विसरून मुंगूस तिच्यामागे निघालं.

"मोडला का रे पंख?" शोभाताईंनी विचारलं.

"सोंग आहे, आई." राजसने टीव्हीचा आवाज वाढवला. केनियातल्या माळावरचा हा कॅमेरा हूफडॉर्प या डच गावातल्या दिवाणखान्यात दिवसभर चालू असे. लॉकडाऊन लागल्यापासून ऑफिस आणि आफ्रिका, दोन्हींचा कारभार राजस एकाच सोफ्यावरून बघत होता. "झाड नाही, आडोसा नाही. गुरांनी चरून खुरटलेल्या गवतात नुसता खळगा करून अंडी घालतात. मग कुणी आलं, की स्वतःवर ओढवून घ्यायचं."

"उघड्यावर का होईना, घालते तरी," शोभाताईंनी सुनेकडे बघितलं. "इथे तर जमिनीखालून हीटिंग आहे."

चैत्रालीने कप उचलले. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. विमानं बंद पडली आणि टोमण्यांनाही मुदतवाढ मिळाली. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या अख्ख्या पुण्याला सुनेचं वैगुण्य खणखणीत आवाजात ऐकवत. चैत्राली मान खाली घाले. युट्रेख्टच्या डॉक्टरांनी मूल न होण्याचा दोष राजसमध्ये असल्याचं सांगितलं, तेव्हा तो गाडीत ढसाढसा रडला होता. "आईला कळलं तर जीव जाईल तिचा." "मग माझ्यात आहे म्हणून सांग," तीच म्हणाली होती. राजसने फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

आजचा कॉल लागला, आणि शोभाताईंनी थेट चैत्रालीच्या आईलाच धरलं. "विहीणबाई, मुलगी देताना जरा तपासून तरी द्यायची." पडद्यावर आईने डोळ्यांना पदर लावला. रविवार असूनही राजसला मीटिंग आठवली.

कॉल संपल्यावर चैत्राली सासूबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. दार लावून घेतलं.

"आई, तुम्हाला धक्का बसेल. पण माझ्या आईला बोललात, आता पुरे. दोष माझ्यात नाही. राजसमध्ये आहे."

शोभाताई कोथिंबीर निवडत होत्या. बोटं थांबली नाहीत.

"हळू बोल, ऐकेल तो," त्या म्हणाल्या. "शाळेत असताना त्याला गालगुंड झालं होतं, तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं मला. इतक्या मुली बघून तुझ्यासारखी न बोलणारी निवडली, ती काय उगाच?"