काजळीच्या माश्या

बेडसे गावात महिपतीच्या घरी माणसं आणि काजळी म्हैस एकाच छपराखाली राहत, मधे कमरेएवढी भिंत. वैशाखात भाकरीवर, ताकात, निजलेल्यांच्या ओठांवर नुसत्या माश्या. त्याच्या बायकोला, लीलाबाईला, त्यांचा अगदी वीट आला होता. सासरे, आबा, मात्र दिवसभर कडुलिंबाचा डहाळा घेऊन काजळीपाशी बसायचे. तिच्या डोळ्यांवर एक माशी टेकू द्यायचे नाहीत.

"ह्या घरात एक तर म्हस ऱ्हाईल न्हाईतर मी," लीलाबाईनं नवऱ्याला बजावलं. चौथ्या दिवशी लोणावळ्याच्या बंगल्यांवर साहेबलोकांना दूध घालणारा गवळी काजळीला विकत घेऊन गेला.

लीलाबाईनं गोठा खरवडून धुतला. आठवड्यात माश्या हटल्या.

एका दुपारी ती भाकरी घेऊन गेली, तर आबा रिकाम्या दावणीपाशी बसलेले. डहाळा मांडीवर वाळून गेलेला, आणि उरल्यासुरल्या दोन-चार माश्या त्यांच्या पापण्यांवर खुशाल फिरत होत्या.

"अवो आबा, डोळ्यावं माशा बसल्यात, हाकला की!" म्हणत तिनं पदर उचलला.

आबांनी हात आडवा केला.

"बसू दे पोरी. काजळीच्या हायेत त्या."