डिकीतला उजेड

अण्णांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि एका बोटाने थोरल्याकडे सरकवली.

“घे. आजपासून तूच चालव. माझा आता भरवसा राहिला नाही.”

कुणी नको म्हटलं नाही. धाकटी तर खास त्यासाठीच सकाळी माहेरी आली होती. तिचा जीव भांड्यात पडला. चौतीस वर्षं बस चालवलेला आपला बाप किल्ली खाली ठेवतोय, याचं थोरल्याला वाईट वाटलं. पण सुटल्यासारखंही वाटलं, आणि तेच जास्त वाटलं. महिन्याभरात अण्णांच्या गाडीची बॅटरी तीनदा बसली होती. पहिल्या वेळी धाकटी म्हणाली, “डिकी उघडी राहिली असेल, अण्णा.” दुसऱ्या वेळी थोरला तेच जरा चढ्या आवाजात म्हणाला. तिसऱ्या वेळी कुणाला काही बोलावंच लागलं नाही. अण्णा स्वतःच म्हणाले, “ठेवली असणार मी उघडी.”

डिकीत नवा दिवा बसवला होता तो थोरल्यानेच. आतला जुना बल्ब इतका मिणमिणता, की अण्णांना पिशव्या चाचपून ओळखाव्या लागत. थोरला विमा कंपनीत खुर्चीवर बसून काम करणारा माणूस, पण एक व्हिडिओ पाहिला आणि त्याचे हात शिवशिवायला लागले. त्याने एलईडीच्या पट्टीचं एक स्वस्तातलं रीळ मागवलं आणि डिकीच्या कडेने चिकटवलं. एक वायर जुन्या बल्बमधून घेतली, दुसरी गाडीच्या पत्र्याला स्क्रूखाली आवळली. झाकण उघडलं तर आत सोनाराच्या दुकानासारखा लखलखाट. अण्णा दोनदा झाकण लावून-उघडून बघत राहिले. त्यांनी शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं, मुलाने केलंय म्हणून.

किल्ली हातात आल्यावर थोरला गाडी रोज ऑफिसला पळवू लागला. बॅटरी एकदाही बसली नाही, आणि घरात सगळ्यांना त्यातच पुरावा मिळाला.

दोन आठवड्यांनी तो पडद्याचा दांडा आणायला गेला. दांडा गाडीत मावेना, म्हणून दुकानाखालच्या पार्किंगमध्ये त्याने मागची सीट आडवी केली आणि तिथून डिकीत डोकावलं. डिकीचं झाकण घट्ट बंद होतं. आत लख्ख उजेड होता.

झाकण लावलं की दिवा विझवणारं बटण ज्या वायरवर होतं, नेमकी तीच वायर वगळून थोरल्याने पट्टी थेट पत्र्याला जोडली होती. झाकण उघडं असो की बंद, त्याची पट्टी रात्रंदिवस जळत होती. अण्णांची गाडी दोन-दोन दिवस जागेवरून हलायची नाही, बॅटरी बसणारच. आणि झाकण लावल्यावर दिवा विझतो की नाही, हे बघायला आत कोण बसणार होतं?

त्याने तिथल्या तिथे पट्टी नखांनी ओरबाडून काढली, वायरी उपटल्या आणि सगळा गुंता पार्किंगमधल्या कचऱ्याच्या डब्यात कोंबला. मग इकडेतिकडे पाहिलं. कुणीही नव्हतं, तरी त्याला लाज वाटली.

आज घरी गेल्यावर सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण दारातच एक नवा कागद चिकटवलेला दिसला. अण्णांच्या सरळ, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: नळ. गॅस. पंखा. कडी. उद्या सांगू, असं थोरला मनाशी म्हणाला आणि आत गेला.

असे कितीतरी उद्या गेले. कुलूप लागलंय का ते बघायला अण्णा अर्धा जिना उतरून परत वर यायचे. रविवारी डेपोतल्या जुन्या मित्रांकडे जाणं त्यांनी सोडलं. बसने जा की, म्हटलं तर म्हणाले, “उतरायचा थांबा चुकला तर?” त्या रस्त्यावर त्यांनी स्वतः अकरा वर्षं बस चालवली होती.

नातीला रोज शाळेतून चालत घरी आणायचं काम अण्णांचं. मग एका सकाळी चहा पिता पिता ते सुनेला म्हणाले, “छोटीला शाळेतून आणायचं आता तुम्हीच बघा. मी नको. एखाद्या दिवशी पोरीला विसरून घरी यायचो.”

थोरल्याने कप खाली ठेवला. त्या दिवशी तो ऑफिसला गेलाच नाही. बायको बाहेर पडल्यावर तो गॅलरीत अण्णांच्या शेजारी जाऊन बसला आणि खाली मान घालून सगळं बोलून गेला.

“तुम्ही काही विसरला नव्हतात, अण्णा. एकदाही नाही. वायर मी चुकीची जोडली होती. डिकी बंद असली तरी आत पट्टी जळत राहायची. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

अण्णा ताठ बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर आला. “चल, दाखव मला.”

“काढून टाकली.”

“मग पट्टी तरी आण.”

“फेकून दिली. दोन महिने झाले.”

“आणि सांगतोयस आज?”

अण्णांनी शिव्या घालाव्यात, वाटलंच तर कानफटात मारावी, असं थोरल्याला मनापासून वाटत होतं. तो वाट बघत राहिला.

अण्णा त्याच्याकडे बघत होते. ताठ झालेली पाठ हळूहळू पुन्हा खुर्चीला टेकली. मग त्यांनी थोरल्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही,” ते म्हणाले. “पण मला बरं वाटावं म्हणून बोललास, एवढं पुरे.”