नागपूर मोठं आहे

बाबागाडीचं मागचं चाक पायरीला अडलं आणि मृणाल मध्येच थांबली. ती पाठमोरी चढत गाडी वर ओढत होती. अजून बऱ्याच पायऱ्या बाकी होत्या. दोन पायऱ्या खाली तिच्या सासूबाई, अनुराधाबाई, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने बाळाची पिशवी धरून उभ्या होत्या. गाडीत चैत्राली पायातला मोजा काढून चघळत होती.

मिहीरचा नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत इंटरव्ह्यू होता. "तू इथेच शिकलीस ना, मग आईला शहर दाखव," असं म्हणून तो स्टेशनवरूनच टॅक्सीने गेला होता. गाडी ढकलत न्यायला सोपा रस्ताही होता, जरा लांबचा. पण तो एका कम्युनिटी हॉलवरून जायचा. तिथे दर पौर्णिमेला बुद्धवंदना व्हायची आणि आज पौर्णिमाच होती. कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं. म्हणून मृणालने पायऱ्या धरल्या होत्या.

"हियर, लेट मी," वरून उतरणारा एक म्हातारा म्हणाला. तो तिला ओलांडून खाली गेला आणि वाकून त्याने गाडीचा पुढचा दांडा उचलला. त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. मृणाल मागे बघत चढत राहिली. वर पोचल्यावर त्याने गाडी टेकवली, गुडघा दाबत कंबर सरळ केली आणि मान वर केली.

ते काशीनाथकाका होते.

मृणाल नागपूरहून इथे शिकायला आली तेव्हा तिचं या शहरात कुणी नव्हतं. काशीनाथकाका हॉस्पिटलात नर्स होते. वंदनेनंतर ते तिला घरी जेवायला नेऊ लागले. पहिल्याच हिवाळ्यात तिला कावीळ झाली, तेव्हा कांताकाकूंनी तिला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि बरी होईपर्यंत जाऊ दिलं नाही. पुढे केंब्रिजला नोकरी लागली, मिहीर भेटला, लग्न झालं. मिहीरला तिच्या घरचं सगळं माहीत होतं. "आईला मी सावकाश सांगेन," तो म्हणाला होता. मग मृणालचे काकाकाकूंना होणारे फोन कमी झाले. गेल्या वर्षी कांताकाकू गेल्या, तेव्हा तिने दोन ओळींचा मेसेज पाठवला. चैत्राली झाल्याचं तर कळवलंच नव्हतं.

काकांचा चेहरा उजळला. हात जोडायला वर आले, ओठ हलले. पुढे काय येणार ते मृणालला माहीत होतं.

"थँक यू सो मच," ती घाईने म्हणाली. "व्हेरी काइंड ऑफ यू."

काकांचे हात थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या अनुराधाबाईंकडे पाहिलं. जोडायला आलेल्या हातांनी त्यांनी टोपी नीट केली.

"तुम्ही इंडियातले का?" अनुराधाबाईंनी मराठीतच विचारलं.

"हो जी. नागपूरचा."

"अगंबाई, आमची सूनही नागपूरचीच. आडनाव काय तुमचं?"

"मेश्राम."

"असं होय," अनुराधाबाई म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी विचारलं, "मग तुमची हिची ओळख असेल?"

मृणालला अजूनही बोलता आलं असतं. तिने बाबागाडीचा ब्रेक लावला. तो आधीच लावलेला होता.

"नागपूर मोठं आहे ना जी," काका म्हणाले. "कोण कोणाला ओळखतं?"

मग त्यांनी वाकून चैत्रालीच्या हातातला मोजा सोडवला, तिच्या पायात घातला आणि पाऊल क्षणभर मुठीत धरून ठेवलं. "माइंड हाऊ यू गो, डक," ते मृणालला म्हणाले. नॉटिंगहॅमचे लोक दुकानात, बसमध्ये अनोळखी माणसाला म्हणतात, तसंच. मग कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, ते पुन्हा खाली उतरू लागले.

मृणाल सासूबाईंबरोबर जवळच्या कॅफेत बसली. आता तरी सांगून टाकावं, असं तिला वाटलं. काय होईल ते होवो. मग पळत जाऊन काकांना गाठता येईल. ते अजून ट्रामच्या स्टॉपवर असतील.

"आई," ती म्हणाली, "मगाशी भेटले ना, ते मेश्रामकाका..."

"तुझ्या ओळखीचे होते. तुझा चेहराच सांगत होता." अनुराधाबाई चैत्रालीला केळं भरवत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "आणि तुझ्या घरचं म्हणशील तर तेही माहीत आहे मला. मिहीरने लग्नाआधीच सांगितलंय."

मृणालने चहाचा कप खाली ठेवला. "मग तुम्ही कधी बोलला नाहीत ते?"

"तू काय करतेस ते बघत होते." त्यांनी नातीचं तोंड पुसलं, रुमालाची घडी केली. "आज ओळख दाखवली नाहीस, ते फार बरं केलंस. हिला तरी यातलं काही कळायला नको."

आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मृणालच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.