आधी कोणाची वीज तोडावी

“याला पुरावा काय?” एवढे विचारून पडद्यावरचा चेहरा विझला. पाठोपाठ पंखा थांबला, कॅमेऱ्याचा लाल दिवा गेला, आणि तोंडी परीक्षेच्या दालनात, दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी, खिडकीतून येईल तेवढाच उजेड उरला.

चेहरा बाहेरच्या परीक्षकांचा होता. ते वीज-नियंत्रण केंद्राचे मुख्य अभियंता. शहरात वीज कुठे सोडायची आणि कुठे तोडायची हे त्यांच्या टेबलावर ठरे, आणि त्याच टेबलाशी बसून ते सकाळपासून परीक्षा घेत होते. समोरच्या उमेदवार बाईंनी सात वर्षे खर्चून एकाच प्रश्नाचे उत्तर लिहिले होते: वीज सर्वांना पुरणार नसेल, तर आधी कोणाची तोडावी? ओळखीपाळखीने नव्हे, ठरलेल्या क्रमाने. ज्याचे काम विजेवाचून अडत नाही, त्याची आधी. अपवाद नाही. परीक्षकांचा आक्षेप नेमका इथे होता. अपवाद नसलेला नियम माणसांत टिकतो, याला पुरावा काय?

कुलसचिव खुर्चीतून उठले. विद्वत्तेशी त्यांचा संबंध नियमांपुरताच होता. तेवढा मात्र अतूट होता.

“नियम चौदा,” ते म्हणाले. “तोंडी परीक्षेचं रेकॉर्डिंग नसेल तर परीक्षा रद्द. पुढची तारीख वर्षानं.”

बोलायला तोंड पुरते, हे विद्यापीठाला अमान्य नव्हते. बोलल्याचा पुरावा तेवढा तारेतून यायला हवा होता.

विद्यापीठाच्या तीन विभागांना कुलपे लागली होती. सुवर्णपदकविजेते बॅटऱ्या भरून देण्याची दुकाने टाकत होते. अशा काळात नियोजन मंडळात एक जागा निघाली होती. त्या जागेसाठी डॉक्टरेट लागत होती, आणि अर्जाची मुदत आज सायंकाळी पाचला संपत होती. पुढच्या वर्षी ती जागा नसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मागच्या बाकावर बाईंचे वडील बसले होते. निवृत्त वायरमन, खांबावर चढून तीस वर्षे शिव्या खाल्लेला माणूस. वीज गेली की करायचे ते त्यांनी सवयीने केले. खिडकीशी जाऊन बाहेर पाहिले.

“शेजारच्या तंत्रशाळेत लेथचा आवाज येतोय,” ते म्हणाले. “पाण्याचा पंप चालू. आपलीच गेलीय, पोरी.”

“बाबा, नीट बघा. दवाखान्याची पाटी?”

“पेटलेली आहे की. का गं?”

दवाखाना चालू, पंप चालू, तंत्रशाळा चालू. आणि विद्यापीठाची ही एकटी इमारत बंद. सात वर्षे जे कागदावर होते, ते खिडकीबाहेर उभे होते. तिला टाळी वाजवावीशी वाटली. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

कुलसचिवांनी मोबाइलवरून नियंत्रण केंद्राचा टेबल-फोन लावला आणि सर्वांना ऐकू जाईल असा ठेवला. मुख्य अभियंत्यांनीच उचलला.

“साहेब, आमची वीज गेली हो!”

“गेली नाही, तोडली. बाराला तूट आली. बाईंचा क्रम आम्ही आजपासून लावलाय. त्यात पहिला क्रमांक तुमच्या इमारतीचा.”

कुलसचिव सावकाश वळले. “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! बाई, स्वतःच्या विद्यापीठाला पहिला नंबर?”

“पहिला नंबर मिळावा म्हणून आपण दरवर्षी अर्ज करतोच की, सर.”

बाकावरून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता.

कुलसचिव पुन्हा फोनकडे वळले. आवाजात साखर आली. “साहेब, अर्ध्या तासाचा तर प्रश्न. एवढा एक अपवाद करा.”

“करता येईल. मग क्रमांक दोनची तोडावी लागेल. तंत्रशाळेची. तिथं आत्ता साठ मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहे.”

“अहो, लोखंडच घासायचंय ना त्यांना? उद्या घासतील! तोडा त्यांची.”

“क्रम बाईंचा आहे. त्यांनी सांगावं.”

खोलीतले सगळे तिच्याकडे पाहू लागले. घड्याळात बारा वाजून अकरा मिनिटे झाली होती. पाच वाजायला फार वेळ होता आणि मुळीच नव्हता. एक ‘हो’ म्हटले की पदवी, अर्ज, जागा.

“नाही,” ती म्हणाली. “त्यांची लेथ विजेशिवाय फिरत नाही. माझं तोंड फिरतं. आमची तोडलेलीच राहू द्या.”

कुलसचिवांनी परीक्षेची वही मिटली. मिटताना त्यांना किंचित समाधानही झाले असावे. “ठीक. नियमानं परीक्षा रद्द. रेकॉर्डिंग नाही.”

फोनवरचा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

“रद्द कशी? मी पुरावा मागितला होता, तो बाईंनी आत्ता दिला. आणि रेकॉर्डिंगचं म्हणाल, कुलसचिव, तर या टेबलावर बोललेला आणि पडद्यावरून, फोनवरून ऐकू आलेला शब्दन्‌शब्द रेकॉर्ड होतो. इथल्या एका शब्दावर अख्खी वस्ती अंधारात जाते, म्हणून. बाईंची सकाळपासूनची परीक्षा त्यात आहे. तुमचं लोखंडही आहे. दोन्ही प्रती पाठवतो, नियम चौदाला जोडून घ्या.”