वरच्या फळीवरचे सोनटक्के

गोदामात दसऱ्याचं तोरण उंच बांधायचं होतं. शिड्या केव्हाच मोडीत निघाल्या होत्या आणि चालकाविना फिरणारं फोर्कलिफ्ट माणसाला उचलत नव्हतं. म्हणून सोनटक्क्यांनी छातीवर पंपाच्या खोक्याचा बारकोड चिकटवला आणि ते फोर्कवर उभे राहिले. यंत्राने बारकोड वाचला, त्यांना अलगद उचललं आणि सर्वांत वरच्या फळीवर, पंपांच्या रांगेत नेऊन ठेवलं.

"आता खाली घे," सोनटक्के म्हणाले.

"मागणी आल्याशिवाय माल निघत नाही," यंत्र म्हणालं.

"मग बारकोडच काढून टाकतो."

"काढू नका," खालून सुपरवायझर रेहानाबी ओरडल्या. "बेवारस माल ते थेट भंगार चिरडायच्या प्रेसमध्ये टाकतं. घरच्या कुणाला तरी तुम्हाला मागवायला सांगा."

सोनटक्क्यांनी बायकोला फोन लावला. "कुमुद, कंपनीचं ॲप उघड. अगदी वरच्या फळीवरचा पंप म्हणजे मी. लवकर मागव."

पलीकडून ॲप उघडल्याचा टिंग आवाज आला.

"अहो, दिसलात," कुमुद म्हणाली. "पण इथं लिहिलंय, घेतलेला माल परत घेतला जाणार नाही. मी जरा विचार करून सांगते."