कोंबडा की ससाणा

“माणूस शुद्धीवर नाही आणि तू त्याच्याशी वाद घालतेस? लाज कशी वाटत नाही गं तुला!”

सुनेनं मान वर केली नाही. हातात कागद धरून, सासऱ्यांच्या कानाशी वाकून ती पुन्हा वाचू लागली. “राऊझ. जागं करणं. मूळ अर्थ, कोंबड्यानं आरवणं.”

सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. शाळा चौथीत सुटली असली तरी हा इंग्रजी शब्द त्यांना तोंडपाठ होता. सासरा-सून मिळून शब्दकोश करत होते आणि या एका शब्दापायी दोन महिने घरात जेवणं गार होत होती. सासरे म्हणत, शब्द ससाण्याचा. हातावर बसलेला ससाणा पिसं फुलवून अंग झटकतो, ते राऊझ. जागं करणं हा अर्थ मागून आला. सून म्हणे, कोंबडा.

डोक्यातली गाठ काढल्याला आज तिसरा दिवस. “पाचपर्यंत वाट पाहू,” डॉक्टर सकाळी म्हणाले होते. “जागे झाले नाहीत तर डोकं पुन्हा उघडावं लागेल. या वयात...”

पाच वाजायला दहा मिनिटं होती. सासूबाईंच्या हाका मारून झाल्या होत्या, चिमटे काढून झाले होते, माहेरी जायची धमकीसुद्धा देऊन झाली होती.

“ससाण्याचा काही संबंध नाही,” सून मोठ्यांदा म्हणाली.

“हो, त्यांचं तोंड बंद आहे तोवर घे जिंकून! बोलते असते तर एका वाक्यात गप्प केलं असतं तुला.”

“कोंबडाच, बाबा. तसंच छापायला देते.”

“आण इकडे तो कागद!”

सून सोडेना. दोघींच्या ओढाताणीत पलंग हलला. तेवढ्यात दारात डॉक्टर उभे राहिले, मागे स्ट्रेचर.

“छापते हं, बाबा! कोंबडा!” सुनेचा आवाज फाटला.

पलंगावरून खरखर आली. म्हाताऱ्याच्या भुवया आक्रसल्या.

“स... साणा. मूर्ख... मुली.”

डॉक्टर धावले. सुनेनं कागद सोडला. कागद सासूबाईंच्या हातात राहिला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, मराठी यायचं, बोट फिरवत एकेक अक्षर. स-सा-णा. छापखान्यातून तपासायला आलेलं पान होतं ते. खाली सुनेची मंजुरीची सही, तारीख ऑपरेशनच्या आधीची. कोंबडा कुठेच नव्हता.

“लबाडे,” सासूबाई म्हणाल्या, “तू तर कधीच हरली होतीस.”