सालोंगोची जुळी

लुबोवाने वास्वाची वायर हातात धरली आणि जादूगाराच्या थाटात सगळ्यांवरून नजर फिरवली. एक्स-रेच्या खोलीत नर्स, डॉक्टर, अगदी स्वयंपाकघरातल्या बायकाही जमल्या होत्या.

वास्वा आणि काटो हे मसाका शहराकडच्या एका हॉस्पिटलातले दोन सर्व्हर, आणि लुबोवा त्यांची देखभाल करणारा कॉम्प्युटरवाला. सगळे एक्स-रे दोघांतही सारखेच ठेवायचे. एक बंद पडला की दुसऱ्याने त्याच क्षणी काम उचलायचं. लुबोवाने त्यांना तिकडे जुळ्या मुलग्यांना ठेवतात ती नावं दिली, तेव्हापासून सगळे त्याला ‘सालोंगो’, म्हणजे जुळ्यांचा बाप म्हणू लागले. तीन महिन्यांत एकही तक्रार आली नव्हती. दाढी करताना तो आरशातल्या माणसाला शाबासकी द्यायचा, असं आता तोच सांगतो. आज मोठ्या डॉक्टर नालुलेबाई खूश झाल्या तर नोकरी कायम होणार होती. नाहीतर शुक्रवारी गाशा गुंडाळायचा होता.

“सिस्टर, आज सकाळचा एखादा फोटो उघडा,” तो म्हणाला आणि त्याने वायर उपटली.

पडद्यावर एका मुलाचं मोडलेलं मनगट उमटलं. अगदी लख्ख. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“वा, सालोंगो!” नालुलेबाई म्हणाल्या. “आता तुम्ही आमचे कायमचे. आजच सही करते.” त्या गेल्या, त्यांच्यामागे गर्दीही गेली.

लुबोवाने लाजून मान खाली घातली, तेव्हा त्याचं लक्ष काटोकडे गेलं. काटोचा दिवा लागलेला नव्हता. सकाळी तो चकचकीत दिसावा म्हणून लुबोवाने बंद करून पुसला होता आणि चालू करायलाच विसरला होता. दोन्ही सर्व्हर ठार बंद, आणि मनगट पडद्यावर आपलं आहेच! मग क्षणभर त्या गाढवाला (हा शब्दही त्याचाच) वाटलं, आपण समजत होतो त्याहूनही हुशार निघालो.

तरी त्याने हळूच एक्स-रेच्या सिस्टर नामुद्दूंना विचारलं, “सिस्टर, हा फोटो येतोय कुठून?”

सिस्टरनी टेबलाखालच्या जुनाट, घरघरणाऱ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

“यातून. नेहमीसारखाच. तुमची जुळी इतकी नवीकोरी, देखणी, की आम्ही अजून वापरायलाच काढली नाहीत.”